गोळ्यांनी गाठी होतात की जातात?

(ऑडिओ भागाचं लेखी रूप. बोलताना जे तीन-तीनदा आलं ते एकदाच ठेवलंय, बाकी भाषा तशीच.)

मागच्या महिन्यात पाळी आणि ऑफिस यावर बोललो, तेव्हापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या वेषात येतोय. एकीने लिहिलंय, "गायनॅकने पीसीओडीसाठी गर्भनिरोधक गोळ्या लिहून दिल्यात. माझं लग्न झालेलं नाही. मावशी म्हणते, या गोळ्यांनी ओव्हरीत गाठी होतात, घेऊ नकोस." दुसरी लिहिते, "मला ओव्हरीत सिस्ट आहे, ती विरघळावी म्हणून गोळ्या चालू आहेत. किती महिन्यांत विरघळेल?"

म्हणजे बघा, गोळी तीच. एकीच्या घरी तिच्यावर गाठ केल्याचा आरोप, दुसरीच्या घरी गाठ घालवण्याची जबाबदारी. आज या दोन्हींकडे बघायचंय. आधीच सांगते, दोन्ही समजुती बऱ्यापैकी चुकीच्या आहेत, आणि दोन्हींत थोडंसं खरंही आहे. ते थोडंसं कुठे आहे, हाच आजचा विषय.

नेहमीची सूचना. मी डॉक्टर नाही. मी बीटेक, दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचते. हे सगळं वाचायला लागले कारण चोविसाव्या वर्षी माझ्याच रिपोर्टवर "सिस्ट" हा शब्द छापून आला होता, आणि तो वाचून घरात तीन दिवस कोणी नीट जेवलं नव्हतं. तुमच्या औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्या. मी फक्त तिथे जाऊन काय विचारायचं तेवढं सांगते.

तर आधी गाठ म्हणजे काय. मराठीत आपण सगळ्यालाच गाठ म्हणतो, आणि गाठ म्हटलं की आईच्या डोळ्यांसमोर थेट कॅन्सर येतो. ओव्हरीतली सिस्ट म्हणजे बहुतेक वेळा पाण्याने भरलेली पिशवी. आणि गंमत अशी की ही पिशवी करणं हेच ओव्हरीचं काम आहे. दर महिन्याला ती एक फॉलिकल वाढवते, म्हणजे स्त्रीबीज सांभाळणारी पाण्याची पिशवी. ती साधारण दोन सेंटीमीटरची झाली की फुटते आणि बीज बाहेर पडतं. कधी कधी ती फुटतच नाही, नुसती वाढत राहते. ही झाली फॉलिक्युलर सिस्ट. कधी ती फुटते, पण मागे उरलेला भाग, ज्याला कॉर्पस ल्युटियम म्हणतात, तो परत बंद होऊन त्यात पाणी किंवा रक्त साठतं. ही दुसरी. या दोन्हींना फंक्शनल सिस्ट म्हणतात. ओव्हरी आपलं काम करत होती, त्यात एक पायरी अडकली, एवढाच त्याचा अर्थ. पाळी चालू असण्याच्या वयात तीन सेंटीमीटरपर्यंतची साधी पाण्याची पिशवी सोनोग्राफीत दिसली, तर तिला सिस्ट न म्हणता नॉर्मलच धरतात. त्याहून मोठ्या झालेल्या फंक्शनल सिस्टसुद्धा बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जातात.

आता गोळी. आपल्याकडे सरकारी माला-एन आणि माला-डी आहेत, त्यांचंच उदाहरण घेऊ. पाकिटात 28 गोळ्या. त्यातल्या 21 हॉर्मोनच्या, प्रत्येकीत 30 मायक्रोग्रॅम इथिनाइल इस्ट्राडिऑल आणि 0.15 मिलिग्रॅम लिव्होनॉर्जेस्ट्रेल. उरलेल्या 7 नुसत्या लोहाच्या. पहिलं नाव इस्ट्रोजनचं, दुसरं प्रोजेस्टिनचं. दोन्ही हॉर्मोन असतात म्हणून हिला कंबाइन्ड, म्हणजे एकत्रित गोळी म्हणायचं. रक्तात ही दोन हॉर्मोन सतत दिसत राहिली की मेंदूतली पिच्युटरी ग्रंथी ओव्हरीला निरोप पाठवणं कमी करते. निरोप नाही, म्हणून फॉलिकल पूर्ण वाढत नाही, बीज सुटत नाही. आणि फॉलिकल वाढलीच नाही तर ती अडकणार कुठून? म्हणून एकत्रित गोळीने फंक्शनल सिस्ट होण्याचं प्रमाण वाढत नाही, उलट कमी होतं. मावशीचं म्हणणं निदान इथे तरी उलटं ठरतं.

पण किती कमी होतं, ते डोसवर आहे. 1960 साली अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळालेली पहिली गोळी एनोव्हिड. तिच्यात मेस्ट्रॅनॉल नावाचं इस्ट्रोजन 150 मायक्रोग्रॅम होतं. दोन्हींतलं इस्ट्रोजन एकच नाही, त्यामुळे आकडा आकड्याशी सरळ लावता येत नाही, पण फरक केवढा ते कळतं. त्या जुन्या, जड गोळ्या ओव्हरीला पार झोपवायच्या, त्यामुळे सिस्टपासूनचं संरक्षणही भक्कम होतं. डोस जड म्हणून रक्ताच्या गुठळ्यांचा त्रासही जास्त होता, म्हणून डोस खाली आणला गेला. आजच्या 20 किंवा 30 मायक्रोग्रॅमच्या गोळीवर बीज सुटणं थांबतं, पण फॉलिकल थोडी वाढू शकते, विशेषतः त्या सात दिवसांच्या खंडात. म्हणून आजच्या गोळीवरच्या बाईला सिस्ट दिसणारच नाही असं नाही. 1980 च्या दशकाच्या शेवटी अशीही चर्चा झाली होती की पाकिटात तीन वेगवेगळे डोस असलेल्या गोळ्या, त्यांना ट्रायफेजिक म्हणतात, त्यांनी सिस्ट वाढतात. सुरुवात काही मोजक्या रुग्णांच्या नोंदींवरून झाली. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तशी मोठी वाढ दिसली नाही.

मग मावशीचं थोडंसं खरं कुठे आहे? ते आहे इस्ट्रोजन नसलेल्या साधनांत. फक्त प्रोजेस्टिनची मिनीपिल, जी बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला देतात. किंवा हॉर्मोनची तांबी, जिच्यात लिव्होनॉर्जेस्ट्रेल असतं. ही आपल्या आयांच्या वयात, चाळिशीनंतर अंगावरून फार जातं म्हणून बऱ्याचदा बसवतात. यांचा मुख्य भर गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव घट्ट करण्यावर आणि अस्तर पातळ ठेवण्यावर असतो. ओव्हरी पूर्ण झोपत नाही, अर्धवट जागी असते. फॉलिकल वाढते, पण वेळेवर फुटेलच असं नाही. त्यामुळे या साधनांवर फंक्शनल सिस्ट खरोखर जास्त दिसतात. बहुतेकींना कळतही नाहीत आणि आपोआप जातात, पण दिसतात. म्हणजे कोणा काकूंना हॉर्मोनची तांबी बसवल्यावर सोनोग्राफीत सिस्ट निघाली असेल, तर काकू खोटं बोलत नाहीयेत. फक्त त्यांचा अनुभव तुमच्या पाकिटाला लागू होत नाही.

आपल्याकडचं आणखी एक नाव घ्यायलाच हवं: सहेली. लखनौच्या सेंट्रल ड्रग रिसर्च इन्स्टिट्यूटने शोधलेली, 1991 पासून बाजारात असलेली गोळी, आता सरकारी दवाखान्यात 'छाया' नावाने मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. हिच्यात ना इस्ट्रोजन ना प्रोजेस्टिन, ऑर्मेलॉक्सिफेन नावाचं वेगळंच औषध आहे. "हॉर्मोन नाहीत, म्हणजे निर्धोक" म्हणून मैत्रिणी एकमेकींना सुचवतात. पण पीसीओडी असेल तर ही गोळी घेऊ नये, असं तिच्या माहितीतच लिहिलेलं असतं. हे व्हॉट्सॲपवरच्या शिफारशीत कधीच येत नाही.

आणि गौरी-गणपती. हसू नका. ऑगस्ट लागला की केमिस्टकडे "पाळी पुढे ढकलायची गोळी" मागणाऱ्यांची रांग लागते. ती असते नॉरएथिस्टेरॉन, 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. म्हणजे रोजचे 15 मिलिग्रॅम. हेच औषध काही देशांत रोजची मिनीपिल म्हणून मिळतं तेव्हा त्यात असतं 0.35 मिलिग्रॅम. भागाकार करून बघा, चाळीसपटीच्या वर जातो. ती गोळी त्या कामासाठी ठीक असेल, डॉक्टरला विचारून घेतली तर. पण तीन दिवसांत पोट फुगलं, छाती दुखली, नंतर धो धो पाळी आली, की घरात निष्कर्ष निघतो, "या पाळीच्या गोळ्या वाईटच." मग वर्षभराने मुलीला माला-डीसारखी गोळी लिहून मिळते, तेव्हा तो निष्कर्ष हिच्या डोक्यावर फुटतो. गणपतीतली गोळी, संबंधांनंतर 72 तासांत घ्यायची ती तातडीची गोळी आणि रोजची एकत्रित गोळी ही तीन वेगवेगळी औषधं आहेत. आपल्या घरांत तिघींचं एकच नाव, "त्या गोळ्या", आणि तेही आवाज खाली आणून.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. गोळीने सिस्ट विरघळते का?

तर्क छान दिसतो. गोळी नवी सिस्ट होऊ देत नाही, म्हणजे असलेली घालवत असणार. आणि अनुभवही तसाच येतो: सिस्ट निघाली, तीन महिने गोळ्या घेतल्या, परत सोनोग्राफी केली, सिस्ट गायब. आमच्या धंद्यात हे रोज होतं. सर्व्हर अडकतो, कोणीतरी रीस्टार्ट करतो, सर्व्हर चालतो, आणि पुढची पाच वर्षं टीममध्ये "रीस्टार्ट केलं की जातं" हा नियम होऊन बसतो. रीस्टार्ट न करता दहा मिनिटं थांबलो असतो तर काय झालं असतं, हे कोणी बघत नाही. सिस्टच्या बाबतीत मात्र ते बघितलं गेलंय. काही बायकांना गोळ्या, काहींना नुसतं थांबायला सांगितलं, कोणाला काय ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. अशा 8 चाचण्या, 4 देशांतल्या, मिळून 686 बायका, हे सगळं कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात एकत्र केलंय, 2014 मध्ये तो अद्ययावत झाला. निष्कर्ष: गोळ्यांनी फंक्शनल सिस्ट लवकर गेली असं एकाही चाचणीत दिसलं नाही. ज्या जायच्या त्या दोन्ही गटांत गेल्या. ज्या राहिल्या त्यातल्या बऱ्याच मुळात फंक्शनल नव्हत्याच.

म्हणजे कोणत्या? डर्मॉइड, जिच्यात चरबी, केस, कधी कधी दातसुद्धा निघतात. एंडोमेट्रिओसिसची चॉकलेट सिस्ट, जिच्यात जुनं रक्त साठलेलं असतं. सिस्टॲडेनोमा. यातली एकही गोळीने विरघळत नाही. चॉकलेट सिस्टच्या बाबतीत गोळीचं काम वेगळं आहे: ऑपरेशन झाल्यावर ती परत होण्याचं प्रमाण गोळी चालू ठेवल्याने कमी होतं. म्हणून "किती महिन्यांत विरघळेल" विचारणाऱ्या मैत्रिणीने आधी डॉक्टरला विचारायला हवं की माझी सिस्ट नेमकी कोणती आहे, आणि गोळी कशासाठी दिलीय.

माझ्या बाबतीत हा प्रश्न पैशापाण्याचा आणि पोटाचा होता. डाव्या ओव्हरीत 4.6 सेंटीमीटरची साधी सिस्ट. मी कुठलीच गोळी घेत नव्हते तेव्हा. पहिल्या हॉस्पिटलमध्ये रिपोर्ट पाच मिनिटं बघितला गेला आणि सांगितलं, "पुढच्या आठवड्यात दुर्बिणीतून काढून टाकू, कंपनीचा इन्शुरन्स आहे ना, कॅशलेस होईल." आई बाजूला बसलेली. तिने एकच विचारलं, "ओव्हरी राहील ना?" उत्तर आलं, "आत गेल्यावर बघू." घरी येताना रिक्षात आई रडत होती, आणि ते माझ्या पोटासाठी कमी आणि पुढच्या स्थळांसाठी जास्त होतं, हे मला कळत होतं. त्याचा रागही येत होता आणि तिची दयाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, पडदा नाही, घट्ट भाग नाही, नुसतं पाणी, असं बोटाने दाखवून सांगितलं. म्हणाल्या, "दोन पाळ्या जाऊ द्या. तिसरी पाळी संपली की लगेच सोनोग्राफी करा, महिन्याच्या मधेच केली तर नवीन फॉलिकल दिसून गोंधळ होईल. मधल्या काळात अचानक एका बाजूला जोरात दुखलं आणि उलटी झाली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टीत जायचं." हे शेवटचं लक्षात ठेवा. सिस्टच्या वजनाने ओव्हरी स्वतःभोवती पीळ खाऊ शकते, मग तिचा रक्तपुरवठा तुटतो. पाच सेंटीमीटरच्या पुढे ही शक्यता वाढते. तिथे थांबून बघायचं नसतं.

मी थांबले. नवव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत सिस्ट नव्हती. समजा पहिल्या भेटीत गोळ्या मिळाल्या असत्या, तर आज मीही शपथेवर सांगितलं असतं की गोळीने गेली.

आता पीसीओडी, कारण निम्मा गोंधळ त्या नावाचा आहे. 1935 साली स्टाइन आणि लेव्हेन्थल या शिकागोच्या दोन डॉक्टरांनी हे वर्णन केलं, आणि "पॉलिसिस्टिक", म्हणजे खूप सिस्टवाली, हे नाव चिकटलं. पण त्या सिस्ट नाहीतच. त्या 2 ते 9 मिलिमीटरच्या, अर्धवट वाढून थांबलेल्या फॉलिकल आहेत. त्या फुटत नाहीत, पीळ खात नाहीत, काढायच्या नसतात. खरा बिघाड हॉर्मोनचा: पुरुषी हॉर्मोन जास्त, बीज सुटणं अनियमित, आणि बऱ्याच जणींत इन्सुलिनचा भाग. इथे गोळी विरघळवायला देतच नाहीत. बीज सुटत नाही तेव्हा गर्भाशयाचं अस्तर महिनोन्‌महिने साचत राहतं, ते पुढे धोक्याचं ठरू शकतं, गोळी ते साचू देत नाही. शिवाय पुरुषी हॉर्मोनचा जोर कमी होतो, पुरळ आणि नको तिथले केस आटोक्यात येतात. हे काम ती चांगलं करते. बरं मात्र करत नाही.

आणि इथेच मावशींचा सगळ्यात भक्कम वाटणारा पुरावा तयार होतो. सोळाव्या वर्षी पाळी अनियमित, म्हणून गोळी सुरू. दहा वर्षं घड्याळासारखी पाळी. लग्न झालं, मूल हवं म्हणून गोळी बंद, आणि सहा महिन्यांत पाळी गडबडली, सोनोग्राफीत पीसीओडी. "बघ, गोळ्यांनी केलं." अहो, ते सोळाव्या वर्षीच होतं. दहा वर्षं एररचा मेसेज दिसत नव्हता, एरर तिथेच होती. अजून एक गोष्ट: गोळ्या घेणाऱ्या बाया डॉक्टरकडे जातात, त्यांची सोनोग्राफी होते. न घेणाऱ्यांची होतच नाही. ज्यांच्या पोटात कोणी बघितलंच नाही, त्यांच्या सिस्ट मोजणार कोण?

गोळी सुरक्षितच आहे असं मात्र मी म्हणत नाहीये. ज्याची भीती घ्यायला हवी ते सोडून आपण गाठींची घेतो, ही माझी तक्रार आहे. खरी भीती आहे शिरेतल्या रक्ताच्या गुठळीची. युरोपच्या औषध नियामकांनी 2013 मध्ये दिलेले आकडे असे: गोळी न घेणाऱ्या 10,000 बायकांत वर्षाला सुमारे 2 जणींना गुठळी होते. लिव्होनॉर्जेस्ट्रेलवाल्या गोळीवर 5 ते 7. ड्रोस्पिरेनोनवाल्या गोळीवर 9 ते 12. पीसीओडी आणि पुरळांसाठी आपल्याकडे ड्रोस्पिरेनोन किंवा सायप्रोटेरॉनच्या गोळ्या सर्रास लिहून मिळतात. आकडे तरीही लहान आहेत, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ही शक्यता याहून जास्त असते. पण घरात कोणाला पायाच्या शिरेत किंवा फुफ्फुसात गुठळी झाली होती का, हे तुम्ही सांगितल्याशिवाय डॉक्टरला कसं कळणार? मायग्रेनच्या आधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या वाकड्यातिकड्या रेषा येतात का? बीपी मोजलंय का? पस्तिशीच्या पुढे असून सिगरेट ओढता का? (आई-बाबा ऐकत असले तरी डॉक्टरला खरं सांगा.) यातलं काही असेल तर एकत्रित गोळी बहुधा तुमच्यासाठी नाही. पोटरी एका बाजूचीच सुजून दुखायला लागली किंवा अचानक दम लागला, तर थांबू नका.

कॅन्सरचंही विचारलंय. 2008 साली लॅन्सेटमध्ये 21 देशांतल्या 45 अभ्यासांचा एकत्र हिशोब आला. गोळी जितकी वर्षं घेतली तितका ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका कमी, दर पाच वर्षांमागे साधारण 20 टक्क्यांनी, आणि गोळी बंद केल्यावरही तो फायदा बरीच वर्षं टिकतो. स्तनाच्या कॅन्सरचा धोका मात्र गोळी चालू असताना किंचित वाढतो, बंद केल्यावर हळूहळू उतरतो. दोन्ही बाजू सांगितल्या, कारण डॉक्टर एक सांगतात आणि मावशी दुसरी.

तर ज्या मैत्रिणीची मावशी नको म्हणते, तिला: स्ट्रिप उलटी करा. मागे बारीक अक्षरात दोन नावं आहेत का बघा. इथिनाइल इस्ट्राडिऑल आणि आणखी एक असेल तर ती एकत्रित गोळी. गाठीची भीती त्या गोळीची नाही. ते दुसरं नाव कोणतं, आणि मलाच ते का, हे डॉक्टरला विचारा. लग्न झालंय की नाही याचा गोळीला पत्ता नसतो, आणि तिने पुढे मूल होत नाही हेही खरं नाही. मावशीला हा भाग ऐकवा हवा तर, शिव्या मला घालू दे.

शेवटचा प्रश्न, कालच आलेला. "तीन महिने गोळ्या चालू आहेत, पोट दुखलं म्हणून सोनोग्राफी केली, 2.8 सेंटीमीटरची साधी सिस्ट निघाली. गोळ्या बंद करू का?" तीनच्या आतली साधी पिशवी म्हणजे काय, ते आपण सुरुवातीला बोललो. दुखण्याचं कारण दुसरंच काही असू शकतं, त्याचा पाठपुरावा करा. पाकीट अर्ध्यात टाकून देऊ नका, आधी डॉक्टरशी बोला. आणि जाण्यापूर्वी मोजून ठेवा की गेल्या महिन्यात किती गोळ्या चुकल्या, विशेषतः नवं पाकीट सुरू करायला उशीर झाला का. सात दिवसांचा खंड नऊ दिवसांचा झाला की फॉलिकलला वाढायला तेवढीच मोकळीक मिळते, आणि दिवस राहण्याची शक्यताही तिथेच असते. डॉक्टर हे विचारतीलच.

पुढच्या भागात हिमोग्लोबिन, आणि त्या सात लोहाच्या गोळ्या आपण कचऱ्यात का टाकतो. भेटू.